दोन चुली आणि एक तवा

“भांडा की गं बायांनो! साहेब पुलापर्यंत आलाय आन् तुमी दोघी एका सुपात शेंगा फोडायलाव!”

हौसाबाई कदम अंगणाच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होती. गावातल्या बचत गटाची ती अध्यक्ष. धापा टाकत आली होती, पदर घसरलेला, एकाच पायात चप्पल. दुसरी कुठं गळाली ते तिलाच ठाऊक.

मी आणि माझी सासू खरंच एका सुपापुढं बसलो होतो. आत्याबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि निवांत विचारलं, “कशावरून भांडू?”

“कशावरून बी भांडा! सासू-सुना हाव ना? इषय काय बाजारातून आणायचाय व्हय?”

मला हसू फुटलं. पण हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं.

त्या वर्षी मला शेवयांचं मोटरवालं यंत्र घ्यायचं होतं. लातूरच्या दुकानात मी ते डोळे भरून बघून आले होते. निळा रंग, वर पीठ घालायचं तोंड, खाली बारीक जाळी. बटण दाबलं की शेवया सुळसुळ खाली. दुकानदार म्हणाला होता, “ताई, होळीपर्यंत ठेवतो. त्यापुढं नाही, मला गिऱ्हाईक लई.” आमच्याकडं होळी झाली की घरोघर शेवया सुरू होतात आणि अख्खा उन्हाळा चालतात. तो हंगाम हुकला असता तर पुन्हा वर्षभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला. धाकटा बांधावर झोळीत रडायचा आणि मुकादम म्हणायचा, “बाई, तोंड तिकडं, खुरपं इकडं.” मला त्या कामाचा कंटाळा नव्हता, पण त्या मुकादमाची अशी चीड होती की बास.

पैसे बँक देणार होती, पण गटामार्फत. आणि गटात एका घरातली एकच बाई चालते. आमच्या घरातली ती बाई म्हणजे आत्याबाई, केवळबाई. गट निघाला त्या दिवसापासून त्या त्यात होत्या. बरं, त्यांच्या नावावर कर्ज काढावं तर साठीपुढच्या बाईला बँक कर्ज देईना.

“मग केवळाक्का, तुमचं नाव काढू, सुनंचं, सुदामतीचं घालू,” हौसाबाई बैठकीत म्हणाली होती.

“मी मेल्यावर काढ,” आत्याबाई म्हणाल्या.

शुक्रवारची ती बैठक म्हणजे त्यांचं माहेर होतं. तिथं त्या पाय पसरून बसायच्या, गावभरची खबर घ्यायच्या आणि पुढच्या बाईच्या पाठीवर थापा मारत हसायच्या. घरी असं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यामुळं मलाही त्यांना उठा म्हणवेना.

मग आत्याबाईंनीच विचारलं, “ह्या बँकेच्या हिशेबानं घर म्हंजे काय?”

“बँकेचे साहेब म्हन्ले, एक चूल ते एक घर.”

“मग दुसरी मांडते. माती काय इकत आणायचीय?”

आणि मांडली की! त्याच दिवशी पांढरी माती कालवली, अंगणाच्या पलीकडं पडवीत चूल घातली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली. चूल घालताना त्या चक्क गुणगुणत होत्या. मी म्हटलं, बाई, बँकेला दाखवायच्या चुलीवर एवढी माया कशाला? पण मला यंत्र दिसत होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

आमचे मालक रानातून आले, पडवीत बघितलं आणि मटकन खाली बसले.

“आई, काय गं हे?”

“मी येगळी निघाले, भारत.”

माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. मी घाईघाईनं सगळं समजावलं, यंत्र, गट, साहेब, नियम. तरी तोंड उतरलेलंच. “खोटं असू दे न्हाईतर खरं असू दे, चुली तर दोन दिसायल्यात ना! एकुलता एक लेक मी. गावात काय तोंड दाखवू?”

गावाला तर आयताच विषय मिळाला. चुलतसासरे समजूत घालायला आले आणि दोन्ही चुलींवरचा चहा पिऊन गेले. शेजारणी मला येऊन म्हणायच्या, “सुटलीस बाई एकदाची.” त्याच शेजारणी पडवीत जाऊन आत्याबाईंना म्हणायच्या, “सुनंपुढं गप राहन्यापरीस हे बरं झालं, आक्का.” आम्ही दोघी तोंड पाडून ऐकून घ्यायचो आणि त्या गेल्या की पोट धरून हसायचो.

पण त्या दिवशी साहेब चुली तपासायला खरोखरच पुलावर आले होते, आणि हौसाबाईचं म्हणणं होतं की गुण्यागोविंदानं वेगळ्या झालेल्या सासू-सुना कुणी बघितल्यात? साहेबाला संशय येईल. काहीतरी वाजलं पाहिजे. आम्ही सूप बाजूला सारलं आणि आपापल्या चुलीपाशी जाऊन बसलो.

टेंभेकर साहेब चष्मेवाले, सावळे, पन्नाशीकडं झुकलेले. गाडी दारात लावली आणि अंगणात पाय टाकायच्या आधी चपला काढल्या. शेणानं सारवलेल्या अंगणात चपला काढणारा साहेब मी पहिल्यांदा बघत होते. एवढ्या मवाळ माणसाला बँक वसुलीला तरी कशी पाठवते कोण जाणे.

“नमस्कार. तर चुली दोन आहेत,” ते म्हणाले.

“दोन, साहेब,” हौसाबाई म्हणाली. “कडाक्याचं भांडण झालंय. एकमेकीचं तोंड बघत न्हाईत.”

आम्ही दोघींनी पटकन माना फिरवल्या.

साहेब आधी पडवीत गेले. आत्याबाईंच्या तव्यावर भाकरी भाजत होती. मग माझ्या चुलीपाशी आले. वांग्याचं कालवण रटरटत होतं. त्यांनी पीठ मळायची काठवट बघितली, ती आम्ही शेजारून उसनी आणली होती. घागर बघितली, ती हौसाबाईच्या घरची. मिठा-तिखटाचा डबा वेगळा, पीठ वेगळं. सगळं जमवलं होतं आम्ही. साहेबांनी मान हलवली, खिशातलं पेन काढलं आणि तसेच थबकले.

“ताई, तुमच्या भाकरी कशावर होतात?”

“आं?”

“तवा दिसत नाही तुमचा.”

मी हौसाबाईकडं बघितलं. हौसाबाईनं आभाळाकडं बघितलं.

अहो, पेलासुद्धा मोजून वेगळा केला होता, आणि तवा आमच्या ध्यानातच आला नाही! कसा येणार? आमच्या घरात तवा म्हणजे आत्याबाई. मी नवरी होऊन आले तशी कालवण माझं, पाणी माझं, शेण माझं, धुणं माझं. तव्यापुढं मात्र त्या मला बसू देत नव्हत्या. दिवसातून दोनदा तव्यापुढं त्यांचीच पाठ दिसायची. हे इतकं ठरलेलं होतं की माझ्या चुलीवर तवा नाही, हे मला स्वतःलाही दिसलं नाही.

साहेब वाट बघत होते. लातूरच्या दुकानातलं निळं यंत्र माझ्या डोळ्यांपुढं हललं.

“देत न्हाईत, साहेब!” मी ओरडले.

“काय देत नाहीत?”

“तवा! इतकी वर्सं झाली, हात लावू दिला न्हाई! जशी काय मी भाकरी जाळणारच हाय!”

आत्याबाई चमकल्या. मी साहेबांच्या पाठीमागून डोळा मिचकावला. लगेच त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या कंबरेवर हात ठेवून पुढं आल्या.

“जाळलीसच की! पहिल्या दिवाळीला करंज्या कुनी जाळल्या?”

“त्या तुमच्या लेकीनं जाळल्या! नाव माझं झालं!”

“माझ्या लेकीला मधी घेऊ नगंस हं!”

“घेनार! आन् गुळाचा डबा उतरंडीत कुनी लपवला वं?”

“मग काय करू? ढेपंच्या ढेपा खायलीस!”

“पोटुशी हुते मी!”

हौसाबाई मागून खुणा करत होती, झ्याक, झ्याक, चालू द्या. पण कुठंतरी काहीतरी सुटलं. मला डोळा मिचकवायचं भानच राहिलं नाही. ज्या गोष्टी मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते त्या तोंडातून धबाधबा बाहेर पडायला लागल्या.

“जेवनात बी सुख न्हाई मला ह्या घरात! मालक उठले, लेकरं उठली की लगेच म्हननार, ‘बस, जेव आन् ऊठ, गोठ्यात शेण पडलंय.’ कवा म्हणून सावकाश बसू दिलं न्हाई. सोता तव्यापाशी ठाण मांडून बसायचं आन् मला घास कोंबून हाकलायचं! मी काय परकी हाय? तुमच्या चुलीला बाट लागतो का माझा?”

माझा आवाज फाटला. डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

आत्याबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, जिंकले मी.

साहेबांनी मात्र पेन खिशात ठेवलं.

“नाही, हे काही बरोबर नाही,” ते म्हणाले. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता. “मी कर्ज द्यायला येतो, घरं मोडायला नाही. आधी तुम्ही दोघी एक व्हा.”

हौसाबाईचे डोळे पांढरे झाले. “साहेब, एक झाल्या तर घर एकच हुईल की!”

“होऊ दे. चांगलंच आहे.”

“मग कर्ज?”

“मग कर्ज नियमात बसणार नाही.”

हौसाबाईनं कपाळावर हात मारला. मी तिथंच चुलीपुढं बसले. आमचं भांडण इतकं छान वठलं होतं की त्यानंच माझं यंत्र घालवलं. आता होळी, मग उन्हाळा, मग तो मुकादम.

“साहेब, जरा थांबा.”

आत्याबाई पडवीत गेल्या. तव्यावरची करपलेली भाकरी त्यांनी बाजूला टाकली, दुसरी थापून भाजली आणि निखाऱ्यापुढं उभी केली. ती टम्म फुगली. त्यांनी ताटलीत घेतली, वर लसणाची चटणी ठेवली, तेलाची धार सोडली. वाफ येत होती.

“मला ह्या पोरीशी भांडून येगळं निघायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “बोलली ती, बोलू द्या. मला येगळं निघायचंय ते ह्या भाकरीपायी.”

“म्हणजे?” साहेब म्हणाले.

“म्हंजे असं बघा. मी लगीन होऊन आले आन् चुलीपुढं बसले. सासरा, दीर, मालक, लेकरं, आला-गेला. थापायची आन् वाढायची, थापायची आन् वाढायची. समदे ढेकर देऊन उठले की मंग माझी. गार, वातड. माहेरी लेकरू हुते तवा आई तव्यावरची द्यायची, तेवढीच. हिच्यासाठी चूल मांडली ती खोटीच मांडली, साहेब, देवाशपथ. पर पहिल्या दिवशी एक थापली, तिथंच मोडली आन् खाल्ली. आवं, काय सांगू तुमाला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता तुमचं कर्ज मिळू, न्हाईतर न मिळू. मी काय ही चूल मोडत नसते.”

मालक तेवढ्यात रानातून आले होते. दावं हातात धरून दारातच उभे राहिले.

आत्याबाईंना एकदम आठवलं की दारी पाहुणा आहे. त्यांनी ताटली पुढं केली. “घ्या साहेब, तुमी खावा.”

साहेबांचा हात अर्धा पुढं आला. मग त्यांनी तो मागं घेतला.

“नको. आधी तुम्ही खा.”

“आवं, पाहुन्याच्या आदी?”

“गार होईल. खा. मी थांबतो.”

आणि बँकेचे साहेब थांबले. अनवाणी, हातात फाईल घेऊन. हौसाबाई एका चपलेवर, मी मातीत, मालक दारात. सगळे बघत होतो आणि केवळबाई उकिडव्या बसून गरम भाकरी खात होत्या. एका घासाचीही घाई केली नाही बाईनं. लाजल्यासुद्धा नाहीत. शेवटी ताटलीतलं तेल बोटानं पुसून घेतलं आणि म्हणाल्या, “हां.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फाईल उघडून लिहायला लागले. “दोन घरं. दोन्ही खरी.”

हौसाबाई हळूच म्हणाली, “आन् भांडनाचं वं?”

“त्याला रकाना नाही,” साहेब म्हणाले. “पण तवा अजून एकच आहे.”

आत्याबाईंनी सांडशीनं तवा उचलला. तापलेला तवा घेऊन त्या अंगण ओलांडून आल्या आणि माझ्या चुलीवर ठेवला. “घे. पायजे हुता ना? मी बाजारातून दुसरा आनीन.” असं म्हणताना त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं. काय हसू होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला आपलं वाटलं, एका दिवसात कर्जही मिळालं आणि तवाही मिळाला, माझ्यासारखी नशीबवान कोण!

यंत्र होळीआधी टेम्पोतून आलं. मालकांनीच त्याला नारळ फोडला, आणि आता गावाला तोंड दाखवायला त्यांना काही अडचण दिसेना. बायका रव्याचे डबे घेऊन पहाटेपासून दारात बसायच्या. मी यंत्रावर, आत्याबाई काठीवर शेवया झेलायला. कुणी मधेच घुसली की त्याच ओरडायच्या, “ए भवाने, नंबरानं!” मुकादम एकदा आपल्या बायकोचा डबा घेऊन आला. त्याला मी म्हटलं, “तोंड तिकडं, डबा इकडं.” आत्याबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

पुढची होळी यायच्या आत कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता भरून मी पेढे घेऊनच घरी आले. मालकांना वाढलं, लेकरांना वाढलं, मालकांचा मित्र आला होता त्याला वाढलं. मग माझी भाकरी घेतली. मोडली तर मोडेना. तशीच ताटात ठेवली आणि पेढे घेऊन पडवीत गेले.

“आत्याबाई, कर्ज फिटलं. आता नियम बी न्हाई आन् साहेब बी न्हाई. चला, एक करू चूल. मी तुमाला रोज गरम वाढीन.”

“मला नगं,” त्या म्हणाल्या. “मी माझी खाते.” पीठ संपलेलं नव्हतं. त्यांनी उंडा घेतला आणि थापायला लागल्या.

“जेवला न्हाईत अजून?”

“माझं झालंय कवाच. पहिली मीच खाते आता.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “सुदामते, तवा मिळाला ना तुला?”

“मिळाला की.”

“वर्स झालं. कितीदा गरम खाल्लीस?”

मी आठवून बघितलं. मग आणखी आठवून बघितलं. एकदाही नाही.

मला शेणाच्या पाट्या आठवल्या, आणि “बस, जेव आन् ऊठ.” त्यातलं “ऊठ” तेवढं मी इतकी वर्षं ऐकलं होतं. “बस, जेव” ऐकलंच नव्हतं. ताटात तेव्हा तव्यावरची भाकरी असायची, बोटं पोळायची, फुंकर घालावी लागायची. आणि तव्यापुढं पाठ करून बसलेली ही बाई माझ्यानंतर जेवायची.

“मग बोलला का न्हाई?” मी म्हटलं. “साहेबापुढं मी एवढं तोंड सोडलं, तवा तरी बोलायचं!”

“काय बोलू? एकदा तव्यापुढं बसल्याबिगर कळत न्हाई ते.” त्यांनी भाकरी निखाऱ्याला लावली, ती फुगली, आणि माझ्यापुढं ठेवली. “खा. फुगलीय तवर खा.”

मी खाल्ली. आणि रडले. लहान लेकरासारखी हुंदके देऊन रडले, घास तोंडात घेऊनच.

“अगं, रडतीस काय? मीठ घातलंय मी त्यात,” आत्याबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

अंगणापलीकडून मालकांचा आवाज आला, “अगं ए, आनखी एक भाकर आण की! वाढतीस का न्हाई?”

मी सवयीनं उठायला लागले. आत्याबाईंनी माझा हात धरून खाली बसवलं आणि तिथूनच ओरडल्या, “भारत, तवा तापलेलाच हाय! काठवटीत पीठ हाय! थाप तुझी तू!”

मग पलीकडून काठवट सरकल्याचा आवाज आला.

मालकांनी त्या दिवशी जन्मातली पहिली भाकरी थापली. एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं कोळसा. ती त्यांनी आईला दाखवायला पडवीत आणली. आत्याबाईंनी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, “बरी हाय. गरम हाय तवर खा.”